गाठींची मोजदाद

जुलै १९३७. 'पोर्गी अँड बेस'चे संगीतकार जॉर्ज गर्श्विन लॉस एंजेलिसच्या रुग्णालयात बेशुद्ध पडले होते. कित्येक महिने डोके दुखत होते, मध्येच जळक्या रबराचा वास येई, पियानोवर सराईत बोटे अडखळू लागली होती. काही आठवड्यांपूर्वीच तपासण्या करून, हा बहुधा मनाचा त्रास असावा, असे सांगत त्यांना घरी पाठवण्यात आले होते. आता मेंदूत गाठ आहे हे स्पष्ट झाल्यावर बाल्टिमोरचे मेंदूचे सर्जन वॉल्टर डँडी यांचा शोध सुरू झाला. डँडी मेरीलँडच्या गव्हर्नरांबरोबर चेसापीकच्या उपसागरात नौकाविहाराला गेले होते. तटरक्षक दलाने त्यांना गाठून किनाऱ्यावर आणले, तिथून विमानाने ते न्यूअर्कपर्यंत पोहोचलेही. पण तिथे फोनवर कळले की आता थांबायला वेळ नाही. कॅलिफोर्नियातल्याच सर्जनांनी कवटी उघडली. ११ जुलैच्या सकाळी गर्श्विन गेले. वय ३८.

एका सर्जनसाठी सरकारी जहाजे समुद्रात पाठवावी लागली, यातच त्या काळच्या मेंदूशास्त्राची अवस्था कळते. विद्या चार-दोन माणसांच्या हातात होती. आणि त्यातले एक माणूस वेळेवर हाती लागले असते तरी गर्श्विन फार काळ जगले नसते, कारण त्यांची गाठ ग्लायोब्लास्टोमा या अत्यंत घातक जातीची होती. योगायोग असा की ते गेल्यानंतर महिनाही उलटला नव्हता तेव्हा, ५ ऑगस्ट १९३७ रोजी, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी राष्ट्रीय कर्करोग संस्था स्थापन करण्याच्या कायद्यावर सही केली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण मेंदूतल्या गाठींचा अमेरिकी इतिहास सांगताना हा महिना मध्यावर ठेवणे सोयीचे पडते. त्याच्या अलीकडे कुशल हातांचा काळ आहे आणि पलीकडे मोजणाऱ्या, ताडून पाहणाऱ्या, एकत्र काम करणाऱ्या यंत्रणांचा.

आधी हातांचा काळ. तो सुरू झाला ब्रिटनमध्ये. २५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली यांनी एका तरुण शेतकऱ्याच्या मेंदूतली गाठ काढली. नवल शस्त्रक्रियेचे नव्हते, जागेचे होते. बाहेरून काहीही दिसत नसताना, हातापायांतला अशक्तपणा आणि झटके एवढ्यावरून अलेक्झांडर ह्यूज बेनेट यांनी गाठ कुठे असावी ते सांगितले, आणि ती तिथेच निघाली. रुग्ण महिन्याभरात जंतुसंसर्गाने दगावला. तीन वर्षांनी, जून १८८७ मध्ये, व्हिक्टर हॉर्स्ली यांनी एका सैन्यातल्या कॅप्टनच्या मज्जारज्जूवर दाब देणारी गाठ काढली. हा माणूस दोन्ही पायांनी लुळा झाला होता, वेदनेने पिळवटला होता. वर्षभरात तो चालू लागला. पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेची मुहूर्तमेढ अशी यशाने रोवली गेली, हे मेंदूच्या नशिबी नव्हते.

मज्जारज्जूच्या आत वाढणाऱ्या गाठींना हात लावायला मात्र सगळेच धजत नव्हते. न्यूयॉर्कच्या चार्ल्स एल्सबर्ग यांनी १९११ साली एक वेगळीच युक्ती मांडली. मज्जारज्जूला छोटा छेद द्यायचा, गाठ दिसली की काहीही न ओढता जखम शिवून टाकायची आणि आठवडाभर थांबायचे. आतला दाबच गाठीला हळूहळू बाहेर ढकलतो. दुसऱ्या वेळी उघडले की ती अलगद सुटून येते. सर्जनने हात आवरण्यातही कौशल्य असते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

बोस्टनच्या हार्वी कुशिंग यांचा स्वभाव हात आवरण्याचा नव्हता. तापट, कामाच्या बाबतीत निर्दय, सहकाऱ्यांना रडवणारे म्हणून ते प्रसिद्ध होते. पण रक्ताच्या बाबतीत त्यांच्याइतका काटेकोर सर्जन दुसरा नव्हता. त्यांनी रक्तवाहिन्या बंद करायला चांदीचे बारीक चिमटे बनवले. १ ऑक्टोबर १९२६ रोजी त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ विल्यम बोवी यांचे विजेवर चालणारे, कापतानाच रक्त थांबवणारे उपकरण प्रथम वापरले. तीन दिवसांपूर्वी त्याच रुग्णाची शस्त्रक्रिया रक्तस्राव आवरेना म्हणून अर्धवट सोडावी लागली होती. कुशिंग यांनी सुरुवात केली तेव्हा मेंदूच्या शस्त्रक्रियेत तीनातला एक रुग्ण टेबलावर किंवा नंतर काही दिवसांत जाई, कित्येक ठिकाणी दोनातला एक. त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस हे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास आले.

१५ एप्रिल १९३१ रोजी त्यांनी आपली दोन हजारावी 'खात्रीची' गाठ काढली. यातला 'खात्रीची' हा शब्द फार महत्त्वाचा. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहून जात निश्चित झालेली गाठच ते हिशेबात धरत. आणि हा हिशेब लिहीत होत्या लुईस आयझेनहार्ट. १९१५ साली त्या कुशिंग यांच्याकडे लेखनिक-सहायक म्हणून लागल्या. पुढे वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन १९२५ साली डॉक्टर झाल्या, आणि मेंदूच्या गाठींच्या निदानात त्यांच्या शब्दाला शेवटचा मान मिळू लागला. प्रत्येक रुग्णाची गाठ कोणती, शस्त्रक्रिया कधी झाली, घरी गेल्यावर तो किती जगला, हे सगळे त्यांच्या वहीत असे. रुग्णांना पत्रे पाठवून वर्षानुवर्षे खुशाली विचारली जाई. शस्त्रक्रियेच्या इतिहासात कुशिंग यांचे नाव सोन्याने लिहिले जाते. पण त्यांच्या बोटांतली कला त्यांच्याबरोबर गेली आणि वही मागे राहिली. या लेखकाच्या मते त्या दोघांच्या कामात टिकाऊ वाटा वहीचा आहे.

तिच्या आधारावरच पर्सिव्हल बेली यांनी कुशिंग यांच्याबरोबर १९२६ साली ग्लायोमांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. ग्लिया म्हणजे मेंदूतल्या चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी. त्यांच्यापासून होणाऱ्या गाठींना ग्लायोमा म्हणतात; ग्लायोब्लास्टोमा ही त्यांतलीच एक जात. तोवर सगळ्या ग्लायोमा एकाच पारड्यात मोजल्या जात. बेली यांनी शेकडो नमुने पाहून त्यांच्या जाती लावल्या आणि प्रत्येक जातीचा रुग्ण सरासरी किती काळ जगतो ते समोर मांडले. कुणाच्या हाती वर्षे आहेत आणि कुणाच्या हाती महिने, हे पहिल्यांदाच आधाराने सांगता येऊ लागले.

आणि हाताची मर्यादाही लगेच दिसली. ग्लायोमा शेतातल्या हराळीसारखी असते. वरून कितीही खणून काढा, मुळ्या बांधापलीकडे गेलेल्या असतात. डँडी यांनी १९२८ साली याची परीक्षा टोकाला नेली. ज्या रुग्णांचे शरीर अर्धांगाने आधीच गेले होते अशांच्या मेंदूचा उजवा अर्धगोल त्यांनी पूर्ण काढला. रुग्ण बोलत होते, माणसे ओळखत होते. तरीही गाठी उलटल्या. अर्धा मेंदू काढूनही जी गाठ परत येते, तिच्यावर नुसत्या सुरीने मात करता येणार नाही, हे त्या दिवसापासून सर्जनांना माहीत होते. मान्य करायला त्यांना बराच वेळ लागला, हे वेगळे.

युद्धानंतर सरकार या क्षेत्रात उतरले. १९५० साली मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथे मज्जासंस्थेच्या रोगांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था निघाली. पैसा आला, अणुयुगाची धुंदीही आली. १९५१ पासून न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांना बोरॉनचे इंजेक्शन देऊन अणुभट्टीच्या माथ्यावर झोपवत आणि खालून येणारे न्यूट्रॉन गाठीवर सोडत. कल्पना हुशारीची होती. पण बोरॉन गाठीइतकेच रक्तातही राही, त्यामुळे निरोगी रक्तवाहिन्या भाजून निघत. फायदा दिसला नाही, हानी दिसली. दहा वर्षे हे चालले, आणि त्यात उपचार न मिळालेल्या रुग्णांशी शिस्तीत तुलना कधीच झाली नाही. अनेक वर्षांनी, शतक संपता संपता, हा विषय कोर्टात गेला.

ही शिस्त आणली 'ब्रेन ट्यूमर स्टडी ग्रुप'ने. राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पैशावर, मायकेल वॉकर यांच्या पुढाकाराने अनेक रुग्णालये एकत्र आली. मेंदूची गाठ हा दुर्मीळ रोग. एखाद्या मोठ्या रुग्णालयातही वर्षाला मोजके रुग्ण येत. त्यामुळे प्रत्येक सर्जनला आपलीच पद्धत श्रेष्ठ वाटे आणि कुणालाच काही सिद्ध करता येत नसे. १९६९ ते १९७२ या काळात या गटाने ३०३ रुग्ण गोळा केले आणि शस्त्रक्रियेनंतर कुणाला काय मिळणार हे चिठ्ठीवर सोडले. एका गटाला फक्त शुश्रूषा, एकाला बीसीएनयू नावाचे औषध, एकाला रेडिएशन, एकाला दोन्ही. बीसीएनयू निवडण्याचे कारण असे की मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत बहुतेक औषधांना आत येऊ देत नाही, हे औषध मात्र चरबीत विरघळणारे असल्याने आत शिरते.

निकाल १९७८ साली छापून आला. नुसती शुश्रूषा मिळालेल्यांपैकी निम्मे रुग्ण १४ आठवड्यांत गेले. औषधवाल्यांच्या गटात हा आकडा साडेअठरा आठवडे होता, रेडिएशनवाल्यांच्या गटात ३५, आणि दोन्ही मिळालेल्यांतही जवळपास तेवढाच. चार आकडे, पण त्यांनी अर्ध्या शतकाचा वाद मिटवला. रेडिएशनने आयुष्य दुपटीहून अधिक वाढते, औषधाने फारसे नाही. ज्यांच्या चिठ्ठीत 'फक्त शुश्रूषा' निघाली त्यांचे काय, हा प्रश्न वाचकाला टोचेल, आणि टोचावाच. पण तोवर त्याहून बरे काही आहे असे कुणालाही पुराव्याने म्हणता येत नव्हते.

याच काळात दोन घटना अवघ्या तीन महिन्यांच्या अंतराने घडल्या. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विंबल्डन भागातल्या अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रात पहिली रुग्ण झोपली, आणि कवटी न उघडता तिच्या मेंदूतला दोष पडद्यावर दिसला. हा पहिला सीटी स्कॅन. आणि २३ डिसेंबरला अध्यक्ष निक्सन यांनी राष्ट्रीय कर्करोग कायद्यावर सही केली. सिनेटमध्ये या कायद्यासाठी झटणाऱ्यांत एडवर्ड केनेडी आघाडीवर होते.

पैशाचा ओघ वाढला, पण मेंदूच्या गाठींच्या वाट्याला वीस वर्षे नवे औषध आले नाही. १९९६ साली हेन्री ब्रेम यांच्या प्रयत्नांतून बीसीएनयू भिजवलेल्या, नाण्याएवढ्या चकत्या मंजूर झाल्या. गाठ काढली की त्या पोकळीत ठेवायच्या आणि टाके घालायचे. आयुष्य थोडे वाढे, फार नाही.

दरम्यान मोजणीतच एक मोठे भगदाड होते. कर्करोगाच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणा फक्त घातक गाठी लिहून घेत. मेंदूत वा मज्जारज्जूत सौम्य गाठही जागेअभावी माणसाचा जीव घेऊ शकते, पाय लुळे करू शकते, दृष्टी घालवू शकते. आणि मेंदूत उगम पावणाऱ्या गाठींत निम्म्याहून अधिक अशाच असतात. त्या कुठल्याच सक्तीच्या नोंदीत नव्हत्या. रुग्णांच्या संघटनांनी अनेक वर्षे पाठपुरावा केल्यावर २००२ साली कायदा झाला आणि १ जानेवारी २००४ पासून सौम्य गाठीही देशभर मोजल्या जाऊ लागल्या. आयझेनहार्ट बाई हे काम एका वहीत करत होत्या. देशाला ते करायला सत्तर वर्षांहून अधिक काळ लागला.

पुढचे पाऊल अमेरिकेबाहेर पडले. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या अॅस्टन विद्यापीठात माल्कम स्टीव्हन्स यांच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात टेमोझोलोमाइड हे औषध तयार झाले. ते तोंडाने घेता येते आणि मेंदूतही पोहोचते. युरोप आणि कॅनडातल्या संशोधकांनी रॉजर स्टुप यांच्या नेतृत्वाखाली १५ देशांतल्या ८५ केंद्रांतून ५७३ रुग्ण घेतले. निम्म्यांना नुसते रेडिएशन, निम्म्यांना त्याच्या जोडीला टेमोझोलोमाइड. मार्च २००५ मध्ये निकाल एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले. त्याच अंकात मोनिका हेगी यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ज्या गाठींत एमजीएमटी हे दुरुस्तीचे जनुक गप्प बसलेले असते, त्यांच्यावर हे औषध जास्त चालते. गाठीच्या दिसण्यापेक्षा तिच्या जनुकांत काय लिहिले आहे हे महत्त्वाचे, या दिशेचा तो खणखणीत पुरावा होता.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेने 'द कॅन्सर जीनोम अॅटलस' हा प्रकल्प जाहीर केला. पहिल्या तीन वर्षांसाठी दहा कोटी डॉलर. आरंभाला तीन कर्करोग निवडले: फुप्फुसाचा, अंडाशयाचा आणि ग्लायोब्लास्टोमा. काम सुरू झाल्यावर कळले की फ्रीजरमध्ये वर्षानुवर्षे जपलेले कित्येक नमुने या कसोटीला उतरत नाहीत. कुठे ऊती सडलेली, कुठे जोडीला रक्ताचा नमुनाच नाही. गोळा करणे आणि नीट गोळा करणे यांतला फरक इथे डॉलरांत मोजला गेला. २००८ साली २०६ गाठींचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. त्याच सप्टेंबरात जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने फक्त २२ गाठींतली वीस हजारांवर जनुके तपासून एक अनपेक्षित गोष्ट शोधली. आयडीएच-१ नावाच्या, साखरेच्या चयापचयाशी संबंधित जनुकात काही रुग्णांत एकाच ठिकाणी बदल होता. हे रुग्ण वयाने लहान होते आणि जास्त जगत होते. वर्षभरातच दिसले की हळू वाढणाऱ्या ग्लायोमांत हा बदल बहुसंख्य रुग्णांत असतो.

यानंतर बेली यांचे वर्गीकरण, म्हणजे त्याची नव्वद वर्षांची परंपरा, बदलावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली गाठींच्या नावातच जनुकीय बदल घातले, आणि २०२१ पासून आयडीएचचा बदल असलेल्या गाठीला ग्लायोब्लास्टोमा म्हणणेच बंद केले.

लहान मुलांच्या बाबतीत उशीर आणखी क्रूर होता. मेंदूच्या देठात पसरणाऱ्या एका गाठीने चंद्रावर जाण्यापूर्वीच्या नील आर्मस्ट्राँग यांची दोन वर्षांची मुलगी १९६२ साली हिरावून नेली. पुढची चाळीस-पन्नास वर्षे या रोगाच्या उपचारात जवळजवळ काहीच बदलले नाही. जागा इतकी नाजूक की बायोप्सी घेत नसत, निदान एमआरआयवर होई. म्हणजे संशोधनाला नमुनाच नाही. ही कोंडी आईबापांनी फोडली. मूल गेल्यानंतर काही तासांत त्यांनी गाठ दान करायला संमती दिली. अशा दानातून स्टॅनफर्डच्या मिशेल मोंजे यांनी या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. २०१२ साली या गाठींतला हिस्टोन प्रथिनाचा बदल सापडला. तोच बदल मज्जारज्जूतल्या काही गाठींतही असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यावरच्या पहिल्या औषधाला अमेरिकेत सशर्त मंजुरी मिळाली.

या कथेत मुंबईचाही एक खरा वाटा आहे. मेंदूवरच्या रेडिएशनने मूल वाचते, पण बुद्धी आणि वाढ खुंटते, ही भीती जगभरच्या डॉक्टरांना होती. किरण नेमके गाठीवर रोखले तर नुकसान कमी होते का, याची चिठ्ठी टाकून तुलना कुणी केली नव्हती. टाटा मेमोरियलमध्ये राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २०१२ या काळात ३ ते २५ वयाच्या, सौम्य किंवा हळू वाढणाऱ्या गाठींच्या २०० रुग्णांवर ती केली. पाच वर्षे बुद्ध्यांक आणि हार्मोन तपासले. नेमक्या किरणांच्या गटातल्या मुलांची बुद्धी जास्त टिकली, हार्मोनचे नवे विकार कमी झाले, आणि जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. २०१७ साली हा निबंध अमेरिकेतल्या नामांकित कर्करोग नियतकालिकात आला. एका तपाचा धीर असलेला अभ्यास गरीब देशातल्या गर्दीच्या रुग्णालयात होतो, याचे कौतुक आपल्याकडे जेवढे व्हायला हवे होते तेवढे झाले नाही.

अमेरिकेतल्या राजकारणालाही या रोगाने सोडले नाही. १९७१ च्या कायद्यासाठी झटलेले एडवर्ड केनेडी मे २००८ मध्ये झटका येऊन पडले. निदान घातक ग्लायोमा. २५ ऑगस्ट २००९ रोजी ते गेले. नऊ वर्षांनी त्याच तारखेला त्यांचे सिनेटमधले स्नेही जॉन मॅकेन ग्लायोब्लास्टोमानेच गेले. जो बायडन यांचा मुलगा बो २०१५ साली याच रोगाने गेला, आणि पुढच्या वर्षी संसदेने एका कायद्यातून कर्करोग संशोधनासाठी सात वर्षांत १८० कोटी डॉलर दिले आणि त्या कार्यक्रमाला त्याचे नाव दिले. पैसा आला की प्रयोग वाढतात, पण मुळ्या पसरलेली गाठ पैशाला दबत नाही.

तरी एक खाते जमेचे आहे. आयडीएचच्या बदलावर नेम धरणारे आणि मेंदूत पोहोचेल असेच घडवलेले वोरासिडेनिब ३३१ रुग्णांत तपासले गेले. गोळी घेणाऱ्यांची गाठ पुन्हा वाढायला सुमारे २७.७ महिने लागले, नुसती दाखवण्याची गोळी घेणाऱ्यांची ११.१ महिने. ऑगस्ट २०२४ मध्ये ते मंजूर झाले. २२ गाठींच्या अभ्यासापासून औषधापर्यंत सोळा वर्षे. हे औषध हळू वाढणाऱ्या गाठींसाठी आहे. ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णाला पहिला उपचार म्हणून आजही शस्त्रक्रिया, सहा आठवडे रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड, म्हणजे २००५ साली ठरलेलेच, मिळते.